डॅशबोर्ड अजून ओला आहे

नौपाडा, ठाणे
१८ ऑगस्ट २०२५

दर रविवारच्या पाहुण्यांना, म्हणजे महेंद्र भावोजींना,

फोन करायचा सोडून पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही "हं", "बरं" आणि "ठेवतो" ह्यापलीकडे जात नाही. कागद समोर आला की मात्र तुम्हाला कंठ फुटतो, हे मला माझ्या लग्नापासून ठाऊक आहे. शिवाय मी आख्खी नोकरी टपालखात्यात काढली. त्या खात्याशी इमान नको का राखायला?

तर मुद्दा असा. केदारचा काल हैदराबादहून फोन होता. दिवाळीला येतो म्हणाला, आणि आल्यावर ह्यांची गाडी विकून टाकू म्हणाला. "आई, तू चालवत नाहीस, मी तिथे नसतो, खाली उभी राहून राहून सडतेय ती." ह्यावेळी मीही हो म्हटलं. हे जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून गाडी हलली ती फक्त रविवारी, तुम्ही डोंबिवलीहून येऊन किल्ली फिरवता तेव्हा. तलावपाळीला एक चक्कर, येताना भाजी, मग नाश्ता आणि त्यासोबत तुमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीची निंदा. गाडी गेली की ह्या वेठबिगारीतून तुमची सुटका होईल.

गाडी बाहेरून बरी दिसते, आतून मात्र बघवत नाही. डॅशबोर्डला हात लावावा तर चिकट लागतो. दारांच्या आतल्या भागाचा रंग उडालाय. गिअरभोवतीचा चंदेरी मुलामा पोपडे धरून निघतोय, परवा माझ्या साडीला लागला. गिऱ्हाईक दार उघडून नाक मुरडेल आणि निघून जाईल. केदारने तुमच्या डोंबिवलीतल्याच एका मुलाचा पत्ता पाठवलाय. विनीत त्याचं नाव, मानपाडा रोडला गाड्यांच्या आतलं रंगकाम करतो. गाडी तेवढी त्याच्याकडे नेऊन द्यायची.

स्वतः काही करायचं नाही. हे वाक्य मुद्दाम वेगळ्या ओळीवर लिहिलं आहे.

तुमची
कलावती वहिनी


डोंबिवली पूर्व
४ सप्टेंबर

आज्ञा देणाऱ्या वहिनींना साष्टांग,

गणपतीत तुम्ही हैदराबादला होतात, म्हणून आधी लिहिलं नाही. गाडी न्यायला आलो तेव्हा तुमच्यासमोर मी "बरं" म्हणालो होतो, ते खरं आहे. पण "बरं" म्हणजे "हो" नव्हे, हे दादाला माहीत होतं.

विनीतकडे गेलो होतो. मुलगा गोड आहे. कानात बाळी, हातात मोबाइल. दार उघडून आत डोकावला आणि म्हणाला, "काका, टेन्शनच नका घेऊ. सगळं पियानो ब्लॅक मारू, वरती कार्बनचा लुक देतो. एकदम बवाल दिसेल!" मी म्हटलं, "बवाल नको रे बाबा, होती तशी कर." तो माझ्याकडे बघून इतका हसला की मलाच आपण काहीतरी अचकटविचकट बोललो असं वाटलं. "काका, होती तशी कोण करून घेतं? मग पैसे कशाला देतं पब्लिक?"

तिथून मी गाडी वळवली ती थेट घरी. वहिनी, दादाच्या गाडीत बवाल? दादाने कधी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. आणि घरात रंगाचा माणूस असताना बाहेर कशाला जायचं? मी रंगाच्या कारखान्यात लॅब सांभाळली आहे. कुठला रंग कशावर बसतो, कधी वाळतो, कधी सोलून निघतो, हे माझ्याइतकं त्या बाळीवाल्याला कळतं का?

तेव्हा मीच करतोय. दारांची आतली पॅनेल काढून बाल्कनीत मांडली आहेत. संचिताला कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही, त्यावर तुमच्या जाऊबाईंचं मत तुम्हाला तिच्याकडूनच कळेल. काम दिवाळीपर्यंत होईल. किंवा जरा पुढेही जाईल. चांगल्या कामाला वेळ लागतो, केदारला समजावून सांगा.

गाडीच इथे आहे, तेव्हा रविवारी येणं होणार नाही. तुम्ही वेठबिगारी म्हणालात ते बरोबरच आहे. गाडी नसताना रविवारी काय करायचं, ह्याची मला आतापासून सवय करायला हवी.

आपला
महेंद्र


नौपाडा
१२ सप्टेंबर

स्वयंघोषित रंगारी भावोजी,

पत्र वाचून मी आधी हसले आणि मग खिडकीकडे बघितलं. ह्या घराच्या खिडक्या तुम्ही एकदा दिवाळीत रंगवल्या होत्या, आठवतं का? हौसेने, स्वतः, पैसे वाचवून. खिडक्या मिटून रंगवल्यात, रंग फटीत उतरला, आणि त्या संक्रांतीपर्यंत उघडल्या नाहीत. आम्ही सगळी दिवाळी आंघोळीच्या वाफेत आणि तळणाच्या धुरात काढली. ह्यांनी शेवटी हातोडी घेतली. तेव्हाही तुम्ही लॅबमध्येच होतात.

आणि लॅबचं कौतुक मला सांगू नका. कारखान्याने तुम्हाला जन्मभर रंग वाळताना बघायचा पगार दिला. लावायचा पगार दुसऱ्यांना होता.

तो मुलगा बवाल म्हणाला तर म्हणू दे. तो रोज तेच करतो, त्याच्याकडे कॉम्प्रेसर आहे, धूळ येणार नाही अशी खोली आहे. तुमच्याकडे बाल्कनी आहे आणि समोर कबुतरं. पण तुम्ही ऐकणार नाही. ह्यांचंही असंच होतं. घरात इस्त्री बिघडली तरी तिला उघडून बसायचे, आणि पुन्हा जोडताना दोन स्क्रू उरायचे. तुम्हा दोघा भावांना कुणी लहानपणी सांगितलं होतं की दुकानात जाणं हा अपमान आहे?

सवयीने रविवारी सकाळी दोघांचे पोहे भिजवले. तुम्ही नाही हे फोडणी दिल्यावर लक्षात आलं. सोमवारीही तेच खाल्ले. मला पोहे फारसे आवडत नाहीत, हे तुम्हाला बहुधा कधी कळलं नसेल.

काम कुठवर आलं ते कळवा. खोटं लिहिलंत तरी चालेल, मी ओळखेन.

कलावती


डोंबिवली पूर्व
२६ सप्टेंबर

वहिनी,

खिडक्यांचा विषय काढायचा नाही, असं आपलं ठरलं होतं.

खरा अहवाल देतो. दारं झाली. काय झाली आहेत! आधी साबणाने धुतली, स्पिरिटने पुसली, बारीक पॉलिश पेपरने घासली, प्लॅस्टिकवर धरणारा प्रायमर मारला आणि मग स्प्रेने रंगाचे पातळ हात दिले. एका वेळी जाड हात द्यायचा मोह होतो, तो आवरला. मूळचा बिस्किटी रंग जुळवायला मी शहरभर हिंडलो. दोन शेड मिसळून शेवटी जमला. कबुतरांना आमच्या संचिताने चादर बांधून अडवलं. आता दारावरून हात फिरवलात तर नवं आहे असं म्हणणार नाही तुम्ही. जुनंच आहे पण कुणी कधी वापरलं नाही, असं म्हणाल.

डॅशबोर्डचं मात्र काहीतरी अजब चाललंय. तोही धुतला, पुसला, घासला, सगळं तसंच. रंग लावला, दिसायला सुरेख. पण वाळत नाही. दोन दिवसांनी बोट लावलं तर बोट उमटतं. काढला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी म्हटलं हवा दमट आहे. मग म्हटलं रंगाचा डबा जुना आहे. नवा आणला. कारखान्यात असा रंग माझ्यापुढे आला असता तर मी सबंध माल परत पाठवला असता. इथे माल परत पाठवायचा तर कुणाकडे?

खाली पार्किंगमध्ये गाडी उभी असल्याने सगळ्या बिल्डिंगला विषय मिळाला आहे. येता-जाता लोक विचारतात, "काय महेंद्रराव, वाळला?" आणि मी नाही म्हणायच्या आत आत वाकून बोट लावतात. सेक्रेटरीने तर अंगठा उमटवला. डॅशबोर्डवर आता आमच्या सोसायटीची जनगणना झालेली आहे.

केदारला सांगा घाई करू नको. डॅशबोर्ड अजून ओला आहे. ओल्या डॅशबोर्डची गाडी कुणी विकत नाही.

महेंद्र


डोंबिवली
४ ऑक्टोबर

कलाताई,

ह्यांना न सांगता लिहितेय. फोन केला असता, पण घरात दोनच खोल्या आणि ह्यांचे कान आता रिटायर झाल्यापासून माझ्याकडेच लागलेले असतात.

दसऱ्याला घोळ झाला. मी दरवर्षीसारखी गाड्यांची पूजा केली. आमच्या स्कूटरची केली, आणि म्हटलं दादांची गाडी दारात आलीय तर तिला उपाशी कसं ठेवायचं? हे आपट्याची पानं आणायला बाजारात गेलेले. मी दार उघडलं, डॅशबोर्डवर हळद-कुंकवाने मस्त स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या, झेंडूच्या पाकळ्या वाहिल्या, नारळ ठेवला. नमस्कार करून नारळ उचलायला गेले, तर नारळ येईना! उचलला तर शेंडी तिकडेच राहिली. कुंकू रंगात मुरलेलं, तांदूळ रुतून बसलेले. अहो ताई, रुखवतात मांडायला तयार दिसतोय तो डॅशबोर्ड.

मला वाटलं हे आता घर डोक्यावर घेतील. पण छे! गाडीत बसले, एकेक तांदूळ नखाने काढत. मी चहा घेऊन खाली गेले तर मला म्हणाले, "राहू दे गं. बरं झालं. आता अजून महिना लागेल."

ताई, तुम्हाला खरं सांगते. ह्यांना हे काम संपवायचंच नाहीये. दारं कधीची झालेली. उजवं दार तर एकदम छान झालेलं ते ह्यांनी परत घासलं आणि परत रंगवलं. मी विचारलं कशाला, तर आधी काहीतरी शेडचं कारण सांगितलं. मग म्हणाले, "गाडी गेली की मी वहिनींकडे कशाला जाणार?" मी म्हटलं, अहो असेच जा, त्यात काय! तर म्हणतात, "असंच कसं जायचं? दादा होता तेव्हा दादाकडे जायचो. आता वहिनी एकट्या. काम नसताना दर रविवारी जाऊन बसलो तर त्यांनाच अवघडल्यासारखं होणार. आणि त्यांनी लिहिलंय ना, वेठबिगारी म्हणून. त्यांनाच कंटाळा आला असेल."

मी सांगून थकले. तुम्हीच बघा काय ते. पण मी सांगितलं असं दाखवू नका हां, नाहीतर माझ्याशी आठवडाभर "हं" आणि "बरं" चालू होईल.

तुमची
संचिता


नौपाडा
८ ऑक्टोबर

भावोजी,

संचिताने फोनवर दसऱ्याच्या पूजेचं सांगितलं. तेवढंच सांगितलं. मी हसू आवरून ऐकलं, असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? शेजारच्या क्षिप्राला बोलावून दुसऱ्यांदा सांगितलं आणि दोघी हसलो. नारळाची शेंडी अजून तिथेच आहे का?

आता ऐका. तुमचा रंग का वाळत नाही, ते मला माहीत आहे. हे त्या डॅशबोर्डला खोबरेल लावायचे. दर शनिवारी, अंघोळीनंतर, उरलेल्या तेलाचा हात. मामंजी गावी लाकडी पेटाऱ्याला तेल चोळायचे ना, तसंच. म्हणायचे, "वस्तू तेलावर राहिली की टिकते." मी सांगून बघितलं की अहो ते प्लॅस्टिक आहे, त्याला काय तेल? तर म्हणाले, चमक बघ. इतक्या वर्षांचं तेल त्याच्या रेघारेघांत आणि फटींत बसलंय. तुम्ही वरून साबणाने धुतलंत, आत तेल तसंच. रंग वाळेल कसा?

आधी का सांगितलं नाही म्हणाल. तुम्ही विचारलं नाहीत. जगातल्या हवेला, डब्याला आणि कंपनीला दोष देऊन झाला, पण मालकिणीला विचारावं असं लॅबच्या साहेबांना सुचलं नाही.

आता मुकाट्याने गाडी विनीतकडे न्या. बवाल नको, हे त्याला कागदावर लिहून द्या आणि खाली त्याची सही घ्या. केदारने तिकीट काढलं आहे, धनत्रयोदशीला गाडी इथे लागेल.

आणखी एक लिहायचं मनात होतं. दोनदा लिहिलं आणि खोडलं. राहू दे.

कलावती


डोंबिवली पूर्व
१४ ऑक्टोबर

वहिनी,

हात टेकले. गाडी विनीतकडे आहे.

त्याने आत वाकून वास घेतला आणि विचारलं, "काका, ह्यात चिवडा तळलेला का?" मी सांगितलं, माझ्या भावाची गाडी आहे, नीट बोल. बिचारा खरंच नीट बोलायला लागला. आता मी रोज जेवून त्याच्याकडे स्टूल टाकून बसतो. तो म्हणतो, "काका, तुम्ही घरी जा ना, मी फोटो पाठवतो." मी जात नाही. त्याने डॅशबोर्ड सबंध बाहेर काढला, वाफेने धुतला. मीही बाहेर काढला असता, पण मला तो पुन्हा बसवता आला नसता आणि स्क्रू उरले असते, हे कबूल करतो.

काही काम माझं आहे, काही त्याचं. कुठलं कुणाचं ते सांगणार नाही. डोळे असतील तर ओळखा.

शनिवारी गाडी आणून ठेवतो. केदार आलेला असेल, घरात गडबड असेल. किल्ली खाली वॉचमन धोंडिबाकडे देतो.

महेंद्र


नौपाडा
२५ ऑक्टोबर

भावोजी,

धोंडिबाने किल्ली वर आणून दिली. म्हणाला, "साहेब घाईत व्हते." मी गॅलरीत धावले तर तुम्ही गेटबाहेर रिक्षाला हात करत होतात. हाक मारली, तुम्ही वळला नाहीत. पाडव्याला संचिता एकटीच आली. तुम्हाला सर्दी झाली म्हणे. तिच्या तोंडावरून कळत होतं की सर्दी कसली आहे.

पण आधी तुमची परीक्षा. मी केदारला बाजूला सारून गाडीत बसले आणि सगळीकडे हात फिरवला. ऐका माझा निकाल. दारं विनीतने केली आहेत. काय हात आहे त्या पोराचा! कुठे एक थेंब ओघळलेला नाही. उजव्या दारावर तर मी गाल टेकून बघितला. असं काम शिकून येत नाही, अंगात असावं लागतं. आणि डॅशबोर्ड तुमचा आहे. कडेला जरासा खरखरीत लागतो, पण जीव लावून केलेला कळतो. नाराज होऊ नका, खिडक्यांच्या मानाने खूपच प्रगती आहे.

आता दुसरी बातमी. भाऊबीजेच्या संध्याकाळी ठाकुर्लीचं एक जोडपं गाडी बघायला आलं. नवरा बाहेरून टायरला लाथा मारत होता. बायको उजव्या बाजूने आत बसली, दार ओढलं, त्याच्यावरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, घेऊयाच. आतून किती निगुतीने ठेवलीय." केदारला घासाघीस करायचीसुद्धा वेळ आली नाही. काल येऊन गाडी घेऊन गेले.

गेटमधून गाडी वळताना केदार टाटा करत होता. मी आत जाऊन कपाट आवरत बसले. त्यात आवरण्यासारखं काही नव्हतं.

केदार आज परत गेला. घर एकदम शांत झालंय.

कलावती


डोंबिवली पूर्व
३० ऑक्टोबर

वहिनी!

तुमचं पत्र मी संचिताला मोठ्याने वाचून दाखवलं. मग विनीतच्या दुकानात जाऊन वाचून दाखवलं. आता त्याची झेरॉक्स काढून सेक्रेटरीच्या दारात लावणार आहे.

दारं माझी आहेत! दोन्ही! चारही म्हणा ना, मागचीसुद्धा. विनीतने त्यांना हात लावला नाही. लावायला गेला होता, हात फिरवला आणि म्हणाला, "काका, हे कोणी केलं? ह्याला मी नाही टच करत." डॅशबोर्ड त्याचा आहे, तुमच्या त्या खरखरीत कडेसकट. तुम्ही ज्याच्यावर गाल टेकलात ते दार मी बाल्कनीत, कबुतरांच्या डोळ्यांदेखत, दोनदा रंगवलेलं आहे. अंगात असावं लागतं, हे तुमचंच वाक्य. खिडक्यांचा विषय आता कायमचा बंद.

दोन दिवस मी ह्याच आनंदात होतो. मग काल जेवताना घास हातात राहिला. ठाकुर्लीच्या त्या बाईंनी उजव्या दारावर हात फिरवला आणि गाडी घेतली. म्हणजे वहिनी, दादाची गाडी मीच विकली. इतकं चांगलं करायला नको होतं. एखादा ओघळ ठेवायला हवा होता.

असो. झालं ते बरंच झालं. गाडीला माणसं चांगली मिळाली. तुमच्या रविवारच्या सकाळी मोकळ्या झाल्या, आता उठायचीही घाई नाही. सर्दीचं म्हणाल तर ती बरी आहे.

घरात काही बिघडलं तर मात्र संकोच करू नका. नळ, फ्यूज, पंख्याचा रेग्युलेटर, काहीही. बाहेरचा माणूस बोलावू नका. कळवलंत की लगेच येईन.

महेंद्र


नौपाडा
३ नोव्हेंबर

भावोजी,

हरले. दारं तुमची. आता माझ्यादेखत कुणी तुमच्या रंगकामाला हसलं तर मी त्याला दाराबाहेर काढीन. खिडक्यांवर हसायचा हक्क मात्र माझा माझ्याकडे राहू दे.

काल रविवार होता. तुमचं पत्र हातात घेऊन मी घरभर फिरले, बिघडलेलं शोधत. स्वयंपाकघरातला नळ बघितला. गळत नाही, तुम्ही मागच्या उन्हाळ्यात वॉशर बदललात. पंखे सगळे फिरतात. गिझर तापतो. बाथरूमची कडी नीट बसते. दाराची घंटा वाजते, मी बाहेर जाऊन वाजवून आले, क्षिप्राने दार उघडून विचारलं, कोण आलं? देवघरातला दिवासुद्धा लुकलुकत नाही. तीन वर्षं दर रविवारी नाश्त्याच्या आधी काही ना काही दुरुस्त करत तुम्ही ह्या घरात मला बोलवायला एक कारण शिल्लक ठेवलेलं नाही. शेवटी स्टूलवर चढून ट्यूबलाइटची पट्टी ढिली करावी का, इथपर्यंत माझी मजल गेली होती. म्हटलं, अडुसष्ट वर्षांच्या बाईने हे करावं का? आणि पडले असते तर केदारला काय सांगितलं असतं?

तेव्हा कारण नसतानाच लिहिते आहे.

केदार गाडी विकू या असं पहिल्याच वर्षी म्हणाला होता. दुसऱ्या वर्षीही म्हणाला. मी नको म्हणत राहिले. त्याला वाटलं, बाबांची आठवण म्हणून आई सोडत नाही. तसं नव्हतं हो. ह्यांची आठवण यायला मला गाडी लागत नाही. गाडी खाली होती म्हणून तुम्ही यायचात, म्हणून मी ती ठेवली होती. गाडीला दर रविवारी फिरवायची काही गरज नव्हती. धोंडिबा केव्हाचा म्हणत होता, मी चालू करून ठेवत जाईन. त्याला मी हात लावू दिला नाही.

मग ह्या वर्षी हो का म्हटलं? पावसाळ्याच्या सुरुवातीपासून तुम्ही आमचा जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवून थांबायला लागलात. वर आलात की आधी खुर्ची शोधता आणि माझ्यासमोर दम लागला नाही असं दाखवता. मला वाटलं, मी माझ्या सोयीसाठी ह्या माणसाला दर आठवड्याला ओढून आणते आहे. सरळ "येऊ नका" म्हणायचं धैर्य नव्हतं, म्हणून वेठबिगारी म्हणून थट्टा केली. तुम्ही ती खरी धरलीत, आणि तुम्हालाच नको झालंय असं मी धरलं. इतकी वर्षं एकमेकांची थट्टा करून आपण हेच शिकलो का?

येत्या रविवारी या. जिना सावकाश चढा, मधल्या मजल्यावर थांबा, मी वरून बघणार नाही. संचिता येणार असेल तर तिलाही आणा. अवजारांची पिशवी घरी ठेवा. इथे करण्यासारखं काहीही नाही. मला तुमच्या येण्याची वाट बघायची सवय लागली आहे, भावोजी, आणि ती मोडायची माझी इच्छा नाही.

कलावती